मास्तरांचा डावा पाय

दुपारी एक वाजता मास्तरांच्या दुकानात गेलात, तर तुमचं स्वागत आधी त्यांचा पाय करायचा. मास्तर कापड कापायच्या टेबलावर उताणे पडलेले, डोक्याखाली खाकी कापडाचा गठ्ठा, आणि डावा पाय भिंतीला टेकवून सरळ वर. तिथल्या तिथे घोटा गोल फिरत असायचा, दहा वेळा इकडून, दहा वेळा तिकडून. गिऱ्हाईक दारात थबकलं की टेबलावरून आवाज यायचा, "या, या. पायाशी बोला. माहं डोकं सुट्टीवर हाय."

आणि लोक खरोखर पायाशी बोलायचे. बाह्या आखूड झाल्याची तक्रार पायाला सांगायची, कपडे कधी मिळतील हे पायाला विचारायचं. पाय घोटा फिरवत उत्तर द्यायचा. वीस मिनिटं झाली की मास्तर उठून बसायचे, चष्मा लावायचे आणि जणू तुम्ही आत्ताच आलात अशा थाटात विचारायचे, "हं, बोला. काय शिवाचं हाय?"

मी तेव्हा दिग्रसच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारणारा आणि गाडी उशिरा आली की लोकांच्या शिव्या खाणारा माणूस. माझ्या खिडकीसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मास्तरांचं टेलरिंगचं दुकान. आमच्या डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे खाकी कपडे तेच शिवायचे. माझी एकची पुसद गाडी सुटली की त्यांचा पाय वर जायचा. गाडी लेट झाली की रस्त्यापलीकडून ओरडायचे, "साहेब, तुमच्या पुसदपायी माहा पाय खोळंबून राह्यला ना!"

त्या पायाला हत्तीपाय होता. आमच्या भागात हा आजार काही नवलाचा नाही. गटाराच्या पाण्यावरचे डास तो आणतात आणि माणसं तो धोतराखाली, लुगड्याखाली लपवतात. मास्तरांनी लपवायच्या भानगडीत न पडता पायजम्याची डावी नळी उजवीपेक्षा दुप्पट रुंद शिवून घेतली होती. कोणी टक लावून पाहिलं की स्वतःच सांगायचे, "माह्याच हातची शिलाई हाय. चुकली नाही, मापानंच शिवली."

पाय वर करण्याचं प्रकरण काय, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना जे समजावलं होतं ते त्यांनी मला त्यांच्या भाषेत समजावलं. "आंगात रक्ताच्या नळ्या अस्ते, हे तुमाले ठावूक हाय. तशाच पाण्याच्याबी बारीक नळ्या अस्ते. रक्ताले पंप हाय, साहेब. ह्या पाण्याले पंप नाही. आपुन हाललो तं ते हालते, आपुन बसलो तं ते बसते. माह्या पायातल्या नळ्या त्या मच्छरानं खराब करून टाकल्या. आता पाय लहान होत नाही. पण मोठा होऊ द्याचा का नाही, हे माह्या हातात हाय. साचू द्याचं नाही, बस."

'साचू द्याचं नाही' हा त्यांचा मंत्र. दुकानापुढच्या नालीतला गाळ ते स्वतः फावड्याने ओढायचे आणि हेच म्हणायचे. मी दिवसभर खुर्चीला चिकटून बसतो आणि संध्याकाळी माझ्या मोज्यांचे वळ पायावर उमटतात, हे त्यांनी हेरलं. तेव्हापासून दोन गाड्यांच्या मधे खिडकीत मी जरा निवांत दिसलो की पलीकडून हात हलायचा: उठा, फिरा. मी प्लॅटफॉर्मवर दोन चकरा मारायचो. साहेब किती जातीने लक्ष घालतात, असं प्रवाशांना वाटायचं.

कमरेचं माप देताना आपण सगळे काय करतो ते तुम्हालाही माहीत आहे. पोट आत घेतो. मास्तर टेप गळ्यात टाकून शांतपणे उभे राहायचे. "पोट आत घेऊ नका. फुगवा. नाकानं श्वास घ्या, पार बेंबीपर्यंत जाऊ द्या. आता सोडा. आखीन दोनदा." तीन श्वास झाल्याशिवाय ते माप घ्यायचेच नाहीत. म्हणायचे, लंब्या श्वासानं ते पाणी वर ओढल्या जाते, अन् पॅन्टबी बरोबर होते. आमच्या डेपोतल्या पॅन्टी सगळ्या जिल्ह्यात सैल म्हणून ओळखल्या जायच्या, पण जेवणानंतर बटण उघडून बसायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

घरी मात्र मास्तरांचंही काही चालत नसे. सकाळ-संध्याकाळ पाय साबणाने धुवायचा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, हा त्यांच्या बायकोचा कायदा. वहिनी दुकानातल्या मलमलच्या चिंध्या घरी नेऊन उकळून, वाळवून डब्यात भरून ठेवायच्या. मास्तर म्हणायचे, "पुसला व." वहिनी म्हणायच्या, "दाखवा." मग शाळेत बाई नखं तपासतात तशी तपासणी व्हायची. करंगळीच्या बेचक्यात जराशी ओल दिसली की त्या खाली बसून स्वतः पुसायच्या. "ओलं राह्यलं तं चिघळते," एवढंच बोलायच्या. त्यांच्या घरी चहा प्यायला गेलो की हा सामना मला फुकट पाहायला मिळायचा.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मास्तरांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील बोरी अरब गावी असायचे. त्यांना हाच आजार, दोन्ही पायांना. "माह्या बापाले म्या उभं असं पाह्यलंच नाही, साहेब. ओसरीवर खाट, अन् खाटेवर बाप. येणाऱ्या-जाणाऱ्याले हाका मारे, कोणी थांबे, कोणी नाही. म्या तवाच ठरवलं. मले मरण चालते, पण खाट चालत नाही." एवढं बोलून त्यांनी पायडल मारायला सुरुवात केली.

दर आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान उघडल्यावर ते आपल्याच पोटरीला टेप लावायचे आणि दाराच्या फळीवर आतल्या बाजूने खडूने आकडा लिहायचे. मी दिग्रसला आलो तेव्हा तो साडेअठरा इंच होता. पुढे दोन वर्षं तो साडेअठराच राहिला. मास्तरांना दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता, या साडेअठराचा होता.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बाजारात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. पोळ्याला नवे कपडे शिवून घेणारे कमी झाले आणि बापाची पॅन्ट कापून लेकाला करा म्हणणारे वाढले. मास्तर उलटलेली कॉलर पुन्हा उलटवून द्यायचे. "आता हिले तिसरी बाजू नाही, बाप्पा," म्हणत इस्त्री मारून हातात ठेवायचे, आणि गिऱ्हाईक हसत बाहेर पडायचं.

मुंबईचे पत्रकार जीप घेऊन दुःखी चेहरे शोधत फिरायचे. असाच एक जण एक वाजता दुकानाशी आला आणि टेबलावर आडवा माणूस, वर केलेला सुजलेला पाय पाहून त्याने घाईघाईने कॅमेरा काढला. मास्तर म्हणाले, "फोटो मंग काढा. पयले बूट काढा तुमी." तो बिचारा सकाळपासून जीपमध्ये बसून होता, पाय टम्म सुजलेले. पाच मिनिटांनी मी खिडकीतून पाहिलं तर टेबलावर दोन माणसं आडवी आणि भिंतीवर तीन पाय. फोटो राहूनच गेला.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. लपवून उपयोग नाही.

एका आषाढात मास्तरांच्या पायाला चीर पडली, त्यातून जंतू गेले, पाय लाल झाला आणि त्यांना ताप भरला. चार दिवस दुकान बंद. आम्ही कँटीनमध्ये बसून रोगाचं निदान केलं. तीन ड्रायव्हर, दोन कंडक्टर आणि मी, म्हणजे सगळे डॉक्टरच. निदान असं निघालं की एवढ्या जड पायाने दिवसभर पायडल मारल्यावर दुसरं काय होणार? त्या पायाला विश्रांती पाहिजे. मास्तरांना किंवा सिस्टरला विचारावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

मास्तर दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे. धम्मदीक्षेचा दिवस. दोन दिवस त्या गर्दीत आपल्या पायाने फिरून यायचे, आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे ठेवून जायचे. त्या दसऱ्याला आम्ही डाव साधला. यवतमाळहून शिलाई मशीनची विजेची मोटर आणवली आणि बसवून घेतली. पायडलचा चामडी पट्टा काढून कोपऱ्यातल्या खिळ्याला टांगला. मशीनला झेंडूचा हार घातला, तो मी स्वतः.

मास्तर परत आले. दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. "एवढं कायले केलं, बाप्पा?" म्हणाले आणि डोळे पुसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते अश्रू आनंदाचे होते, हे मी अजूनही म्हणतो. पण त्यांत दुसरंही काही होतं, ते आम्ही पाहिलं नाही.

त्या दिवसांत निम्मा दिवस लाइन नसायची. लाइन गेली की अख्खा रस्ता वीज ऑफिसच्या नावाने बोटं मोडायचा. फक्त मास्तरांच्या दुकानातून खुशीत आवाज यायचा, "गेली! गेली!" दोन मिनिटांत खिळ्यावरचा पट्टा चाकावर चढायचा आणि पायडल खडखडायला लागायचं. केवढा कामसू माणूस, म्हणून मी कौतुक करायचो. जिल्ह्यात भारनियमनाची वाट बघणारा हा एकटाच माणूस आहे, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

वर मी आणखी एक उपकार केला. बसस्टँडला आणि समोरच्या ओळीला भारनियमनातून सूट द्यावी, प्रवाशांची फार गैरसोय होते, असा अर्ज वळणदार अक्षरात लिहून दिला. सरकार-दरबारी माझा आयुष्यात एकच अर्ज मंजूर झाला, तो हा. लाइन जायची थांबली. रसवंतीवाल्याने मला आठवडाभर फुकट रस पाजला. मास्तरही येऊन हात धरून म्हणाले, "चांगलं काम केलं साहेब. लोकाईचं भलं झालं."

त्यानंतर ते दर तासाला रस्ता ओलांडून माझ्या खिडकीशी यायला लागले. यायचे, "काय म्हणते आर्णी गाडी?" विचारायचे आणि लगेच परत जायचे. मला वाटायचं, धंदा कमी आहे, गप्पा मारायला येतात. एकदा तर मी म्हणालोसुद्धा, "मास्तर, बसा की जरा." त्यांनी मान हलवली आणि चालायला लागले.

चैत्रात दुकान दोन दिवस बंद दिसलं. तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो. मास्तर खाटेवर होते, अंगात ताप. भिंतीकडे तोंड, अंगावर चादर, आणि डाव्या पायाची चादर अशी उचललेली की खाली दुसरं कोणी झोपलंय असं वाटावं. मी हसवायला म्हणालो, "काय मास्तर, पायाशी बोलू का?"

"बोला," ते तोंड न वळवता म्हणाले. "आता तोच मालक हाय."

असला सूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पाच मिनिटं बसून उठलो, तर वहिनी मागोमाग अंगणात आल्या.

"भाऊजी, रागावजा नका. पण त्या मोटरनं घात केला. त्याईचं पायडल म्हंजे त्याईचं औषिद होतं. दिवसभर दोनी पाय हालत होते, म्हून ते पाणी वरतं जात होतं. आता पायाचं एक बोट दाबलं का मशीन पळते, अन् पाय गपगार. लाइन जात होती तवालोक कसंबसं निभलं. मंग तीबी जाणं बंद झाली."

"पण मग मास्तरांनी मला सांगितलं काहून नाही?" माझ्याही तोंडी त्यांची बोली आली.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "कसं सांगतीन? तुमी हार घातलता ना मशीनले."

मी सरळ दुकानावर गेलो. किल्ली वहिनींकडून मागून घेतली होती. दाराची फळी फिरवून पाहिली, तर साडेअठरानंतर एकोणीस, साडेएकोणीस, आणि शेवटचा आकडा वीस. माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर ते दर आठवड्याला लिहिलं जात होतं आणि मी गाड्यांचे नंबर वाचत बसलो होतो. मला माझीच इतकी चीड आली की कँटीनमधून पेचकस मागून आणला आणि जो दिसेल तो स्क्रू काढत सुटलो. त्यात मशीनचेही दोन निघाले. कँटीनवाल्याने माझ्या हातातून पेचकस हिसकला, म्हणून मशीन वाचलं. पट्टा चाकावर चढवला आणि मोटर पिशवीत घालून माझ्या टेबलाच्या खणात, प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्यांच्या खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना जाऊन सांगितलं, "एक वाईट बातमी आहे. मोटर जळाली."

मास्तरांनी पहिल्यांदा तोंड माझ्याकडे वळवलं. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे त्यांना माहीत होतं. "जळाली?" ते म्हणाले. "अरेरे. बंद दुकानात जळाली?"

"पूर्ण. दुरुस्त होत नाही म्हणाले."

"लय वाईट झालं," मास्तर म्हणाले, आणि त्यांचं पोट चादरीखाली हलायला लागलं. मग दोघंही इतके हसलो की वहिनी लाटणं घेऊन बाहेर आल्या.

ताप उतरायला औषध आणि दिवस लागले. वहिनींनी खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा लावल्या. पाय धुणं, पुसणं, मलम, पडल्यापडल्या घोटा फिरवणं, मग अंगणात चार पावलं, मग नालीपर्यंत. मृगात ते पुन्हा मशीनवर बसले. पहिल्या दिवशी पायडलचा खडखडाट ऐकून मी पुसद गाडी दोनदा पुकारली. फळीवरचा आकडा मुंगीच्या पावलांनी उतरत पोळ्यापर्यंत एकोणीसवर आला. साडेअठरा पुन्हा कधी दिसला नाही. त्याचं मला वाईट वाटायचं. मास्तर म्हणायचे, "अर्धा इंच तुमच्या पिरमाचा हाय साहेब. राहू द्या."

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या सकाळी ते पांढरा सदरा घालून स्टँडवर आले. किल्ली माझ्या हातात दिली आणि बोट रोखून म्हणाले, "या खेपेले काई बसवजा नका." मी भोंग्यावर नागपूर गाडी पुकारली आणि शेवटी जोडलं, "मास्तर, डावा पाय आधी." सगळी गाडी हसली. त्यांनी डावा पायच पायरीवर ठेवला.

पुढे माझी बदली पुसदला झाली. तिथेही दोन गाड्यांच्या मधे मी चकरा मारायचो, तिथल्या लोकांनाही साहेब जातीने लक्ष घालतात असं वाटायचं. काही वर्षांनी एका दुपारी दिग्रसहून आलेला कंडक्टर माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, मास्तर गेले. आदल्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, दुकानात. टेबलावर नेहमीसारखे पडले होते, पाय भिंतीला. हृदय थांबलं. एक गिऱ्हाईक आलं, पायाशी बोललं, कॉलरचं सांगितलं, कधी येऊ विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा त्याने जवळ जाऊन पाहिलं.

मी पहिल्या गाडीने गेलो. अंगणात त्यांना नुकतीच अंघोळ घातली होती. पांढरं कापड तयार होतं, माणसं जमली होती, त्यांची मुलगी यायची होती, तीही पोहोचली होती. कोणीतरी म्हणालं, "चला आता, उशीर होऊन राह्यला."

वहिनी मास्तरांच्या पायाशी बसल्या होत्या. शेजारी तो चिंध्यांचा डबा उघडा. त्या डाव्या पायाची एकेक बेचकी पुसत होत्या, घाई न करता, रोजच्यासारखी.

"थांबा जरा," त्या वर न पाहता म्हणाल्या. "ओलं राह्यलं तं चिघळते."

करंगळीपाशी त्यांचा हात नीट पोहोचत नव्हता. मी पुढे झालो, खाली बसलो आणि त्यांना पुसायला सोपं जावं म्हणून पाय थोडा वर धरला.